वाघाला तिन्ही चालतात, धीवराला नाही: निकॉन झेड ८, कॅनन आर ५ मार्क २ की सोनी ए १ मार्क २ कॅमेरा?

ताडोबात वाघ दिसतो तेव्हा बहुतेक वेळा तो चालत असतो. मोहर्लीच्या रस्त्यावर, जिप्सीच्या पुढून, कुणाची फिकीर न करता. त्या चालीला सेकंदाला तीस फ्रेम, म्हणजे तीस फोटो, कशाला हव्यात? माझ्याकडचे वाघाचे सगळ्यात बरे दोन फोटो निकॉन डी ५०० वरचे आहेत. तो कॅमेरा २०१६ सालचा, सेकंदाला दहा फ्रेम घेणारा, आणि त्या दहातल्याही आठ मी पुसून टाकल्या होत्या. तेव्हा वर्षातून दोन सफारी आणि त्याही वाघासाठी, असा तुमचा हिशेब असेल तर हा लेख इथेच सोडा आणि पैसे लेन्सकडे वळवा.

पण हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यात बोट घातली की चित्र बदलतं. कवड्या धीवर पाण्यावर दहा-पंधरा फुटांवर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो. चोच खाली, मान स्थिर. आणि मग दगड सुटावा तसा पडतो. डोळ्यानं पाहिलं, मेंदूनं सांगितलं, बोट हललं, यात पाव सेकंद सहज जातो, आणि फोटोत पाण्यावरची वर्तुळं तेवढी येतात. खुंटावर बसलेल्या मीनखाई घारीचं उड्डाण निदान थोडी सूचना देतं, कारण उडण्याआधी ती बऱ्याचदा शिटते. धीवर ती मेहेरबानीसुद्धा करत नाही.

कॅमेऱ्यांमधला खरा फरक दिसतो तो अशा ठिकाणी, म्हणून तुलनाही तिथूनच करतो.

तीन कॅमेरे समोर ठेवू. निकॉन झेड ८ मे २०२३ मध्ये आला, ४५.७ मेगापिक्सेल. कॅनन आर ५ मार्क २ जुलै २०२४ चा, ४५ मेगापिक्सेल. सोनी ए १ मार्क २ नोव्हेंबर २०२४ चा, ५० मेगापिक्सेल. जाहीर झाले तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत अनुक्रमे साधारण ४,०००, ४,३०० आणि ६,५०० डॉलर होती. आपल्याकडचे भाव दिवाळीच्या ऑफरप्रमाणे वरखाली होतात, पण सोनी बराच महाग आणि उरलेले दोघे जवळजवळ, हे गणित तेच राहतं.

तिघांचेही सेन्सर ‘स्टॅक्ड’ जातीचे. चित्र टिपणाऱ्या थराच्या मागेच वेगवान मेमरी आणि सर्किट बसवलेलं असल्यामुळे सेन्सर वाचून काढायला फार थोडा वेळ लागतो. साध्या सेन्सरवर आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की उडत्या पक्ष्याचे पंख केळ्यासारखे वाकलेले येतात, कारण वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत पोचेतो पंख पुढे गेलेला असतो. निकॉन आणि सोनी हे काम सुमारे ४ मिलिसेकंदांत करतात, कॅनन ६ च्या आसपास. कागदावर हा फरक दीडपट दिसतो. बगळे, घारी, रोहित यांच्या फोटोत मला तो कधी जाणवलेला नाही. फूलचुखीसारख्या वेड्या वेगाच्या पंखांत शोधायला गेलात तर सापडेल.

बटण दाबण्याआधीचा अर्धा सेकंद

जाहिरातीत मोठ्या अक्षरात सेकंदाला किती फ्रेम ते लिहितात. माझ्या मते त्याहून मोलाची सोय प्री-कॅप्चर. बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा फ्रेम घेत राहतो आणि जुन्या टाकत राहतो. पूर्ण दाबलं की त्याच्या आधीच्या फ्रेमही कार्डावर उतरतात. म्हणजे धीवर पडताना तुमचं बोट उशिरा हललं तरी चालतं.

ही सोय तिघांतही आहे, पण सारखी नाही. कॅनन अर्ध्या सेकंदापर्यंत मागे जातो, सेकंदाला ३० च्या वेगानं साधारण १५ फ्रेम, आणि त्या रॉमध्ये, म्हणजे सेन्सरनं टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, मिळतात. सोनी पूर्ण एक सेकंद मागे जाऊ शकतो, किती मागे ते आपण ठरवायचं, आणि तोही रॉ देतो. निकॉनही एक सेकंद मागे जातो, पण फक्त जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानंच तयार करून दाबलेल्या फाइलमध्ये. झेड ८ रॉ फाइल सेकंदाला २० देतो, तीसचा वेग आणि प्री-कॅप्चर मात्र जेपेगवरच.

जेपेग म्हणजे काही पाप नव्हे. ऊन मऊ असेल, एक्स्पोजर नीट असेल तर छापलेल्या फोटोत कुणाला कळणारही नाही. गोची होते ती नदी सुरयासारख्या पांढऱ्या पक्ष्याची. सकाळी साडेआठनंतर पाण्यावरून ऊन उलटं येतं, पंखाची पांढरी बाजू जळते, आणि जेपेगमध्ये जळलेलं पांढरं परत येत नाही. रॉमध्ये थोडं तरी खेचता येतं. झेड ८ वर यावर उपाय एकच, एक्स्पोजर मुद्दाम एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा, ठेवायचं आणि सावलीतला भाग घरी उजळायचा. चालतं, पण नेहमी लक्षात ठेवावं लागतं, आणि पक्षी समोर आला की माणूस नेमकं हेच विसरतो.

प्री-कॅप्चरचा खर्चही लक्षात घ्या. बॅटरी भसाभस उतरते, आणि एका सकाळीत तीन-चार हजार फ्रेम गोळा होतात. त्या निवडताना दोन रात्री जातात आणि घरचे विचारतात, ‘एकाच पक्ष्याचे एवढे?’

कार्डाबद्दल एक पदरचा अनुभव. खर्च वाचवायला मी एक स्वस्तातलं कार्ड घातलं होतं. कोलाऱ्याच्या बाजूला रानकुत्र्यांची टोळी चितळामागे धावत रस्ता ओलांडत होती. पहिल्या तीन सेकंदांत बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरला आणि कॅमेरा ढिम्म. पाठीमागच्या पडद्यावर लाल दिवा लुकलुकत राहिला आणि कोळसुनं बांबूत शिरली. झेड ८ आणि आर ५ मार्क २ मध्ये एक खाच वेगवान सीएफएक्स्प्रेस टाइप बी कार्डाची, दुसरी मंद एसडीची. दोन्हीकडे एकाच वेळी रॉ लिहायला सांगितलं की वेग एसडीवर येऊन अडकतो. म्हणून एसडी सुटीवर ठेवा. सोनीच्या दोन्ही खाचा सीएफएक्स्प्रेस टाइप ए आणि एसडी दोन्ही घेतात. सोयीचं आहे, पण टाइप ए कार्ड त्याच क्षमतेच्या टाइप बी पेक्षा बहुधा महागच पडतं.

ऑटोफोकसवर बोलायचं तर मोकळ्या आकाशातल्या पक्ष्याला तिघेही डोळ्यापाशी चिकटतात. परीक्षा बांबूत होते. काड्यांच्या मागे बिबट्याचा अर्धा चेहरा, पुढे गवताचं एक पातं. इथे सोनी सर्वांत कमी चुकतो असं माझं मत, कॅनन त्याच्या मागोमाग. निकॉनला थोडी मदत लागते: आधी लहान चौकटीनं चेहरा धरायचा, मग दुसऱ्या बटणानं थ्रीडी ट्रॅकिंगकडे, म्हणजे हलत्या विषयामागे जाणाऱ्या फोकसकडे, सोपवायचा. दोन बटणांची ही सवय लागायला मला महिनाभर लागला, पण लागल्यावर ती फार विश्वासू आहे. पक्ष्यांसाठीचा वेगळा मोड झेड ८ ला फेब्रुवारी २०२४ च्या फर्मवेअरनं (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरनं) मिळाला, तेव्हा सेकंडहँड घेतलात तर आधी फर्मवेअर बघा. कॅननमध्ये नजर जिथे तिथे फोकस नेणारी सोय आहे. कल्पना झकास आहे. पण चष्मा असेल, विशेषतः जाड भिंगाचा, तर ती स्वतःच्या डोळ्यावर तपासल्याशिवाय तिचे वेगळे पैसे मनात धरू नका.

लेन्स आधी, बॉडी नंतर

बॉडी पाच वर्षांत जुनी होते. लेन्स पंधरा वर्षं खांद्यावर राहते. त्यामुळे खरा निर्णय माउंटचा, म्हणजे कुठल्या कंपनीच्या लेन्स बॉडीवर बसतील त्याचा, आहे.

निकॉनची १८०-६०० मिमी एफ/५.६-६.३ आणि सोनीची २००-६०० मिमी एफ/५.६-६.३ या सख्ख्या बहिणी म्हणाव्यात अशा (एफ पुढचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). दोन्ही दोन किलोच्या आसपास, दोन्ही झूम करताना लांब होत नाहीत. याचं महत्त्व ताडोबात मेमध्ये कळतं: पुढची जिप्सी धुरळा उडवत जाते, आणि आत-बाहेर होणारी नळी म्हणजे धूळ ओढणारा भाताच. झूम करताना तोलही ढळत नाही. कॅननची आरएफ १००-५०० मिमी एफ/४.५-७.१ मात्र लांब होते. ती फक्त १,३७० ग्रॅमची आणि फार तीक्ष्ण आहे, हे कबूल. पण तिला १.४ पट टेलिकन्व्हर्टर (पल्ला वाढवणारं जोडभिंग) लावला तर झूम ३०० मिमीच्या खाली येतच नाही, म्हणजे हत्ती जवळ आला की बसा सोंडेचा फोटो काढत. कॅननची दुसरी वाट आरएफ २००-८०० मिमी एफ/६.३-९. पोहोच भरपूर, किंमत आटोक्यात. पण एफ/९ म्हणजे ६.३ पेक्षा पूर्ण एक स्टॉप कमी उजेड. गेट उघडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात जिथे दुसऱ्याला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागतं, तिथे तुम्हाला १२८००. आणि जंगलात जे घडतं ते बरंचसं त्याच अर्ध्या तासात.

यापुढे पैसे टाकायची तयारी असेल तर निकॉनचं पारडं जड होतं, आणि ते हलक्या लेन्सच्या जोरावर. ६०० मिमी एफ/६.३ पीएफ (निकॉनची हलक्या भिंगाची जात) साधारण १,४७० ग्रॅम, ८०० मिमी एफ/६.३ पीएफ २,३८५ ग्रॅम. ४०० मिमी एफ/४.५ तर १,२४५ ग्रॅमवर हातात धरून दिवसभर फिरता येते. लांब पल्ला, बेताचं वजन आणि मोठ्या, जड लेन्सच्या निम्म्याहून कमी किंमत, ही जागा बाकी दोघांनी अजून एवढी भरलेली नाही. सोनीकडे वेगळा फायदा: सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्स मुबलक. मात्र त्या लावल्या की ए १ मार्क २ सेकंदाला ३० वरून १५ फ्रेमवर येतो आणि टेलिकन्व्हर्टरही चालत नाही. साडेसहा हजार डॉलरची बॉडी घेऊन अर्ध्या वेगानं चालवायची, हे मला पटत नाही.

जास्त मेगापिक्सेलचा फायदा तिघांना सारखाच आहे, तोही धरा. क्रॉप मोडमध्ये, म्हणजे सेन्सरचा मधलाच भाग वापरला की, ६०० मिमीची चौकट ९०० ची होते आणि तरी झेड ८ वर १९, सोनीवर २१ मेगापिक्सेल हातात राहतात. कॅननचा क्रॉप १.६ पट, म्हणून १७.

हातात घेतल्यावर

बॅटरी-कार्डासह झेड ८ चं वजन ९१० ग्रॅम, बाकी दोघांचं ७४५ च्या आसपास. मोठ्या लेन्सवर जाड ग्रिपच बरी वाटते, म्हणून हे वजन मला खुपत नाही. ट्रेकला जाणाऱ्यांना खुपेल. झेड ८ ची बॅटरी मात्र खुपतेच, सकाळच्या सफारीला दोन लागतात. त्यावर इलाज हवा असेल तर थोरला भाऊ झेड ९: तोच सेन्सर, दुप्पट बॅटरी, दोन्ही खाचा टाइप बी, आणि १,३४० ग्रॅमची वीट.

व्ह्यूफाइंडरमध्ये सोनी पुढे, ९४.४ लाख ठिपके. कॅननचे ५७.६ लाख, निकॉनचे ३६.९ लाख. दुकानात शेजारी शेजारी लावून पाहिलं तर निकॉन बिचारा वाटतो. पळत्या हरणामागे कॅमेरा फिरवताना त्याचं चित्र न अडखळता येतं आणि ठिपके मोजायची फुरसत नसते.

बोटीत पाण्याच्या पातळीवर कॅमेरा धरायचा तर पाठीमागचा पडदा कसा वळतो हे बघा. कॅननचा बाजूला उघडतो, निकॉनचा मागच्या मागे वर येतो, सोनीचा दोन्ही करतो. मला निकॉनची तऱ्हा आवडते, नजर लेन्सच्या सरळ रेषेत राहते.

हॉलमधली कबड्डी किंवा बॅडमिंटन हेही तुमचं क्षेत्र असेल तर एक वेगळी गोष्ट. झेड ८ ला यांत्रिक शटर नाहीच. एलईडी दिव्यांखाली पट्टे आले तर शटरचा वेग बारीक जुळवून ते घालवावे लागतात. कॅनन आणि सोनीवर यांत्रिक शटरकडे वळता येतं, वेग घटतो एवढंच. खेळच खेळ काढायचे असतील तर सोनी ए ९ मार्क ३ बघा, सगळा सेन्सर एका क्षणात वाचतो, पट्टे किंवा वाकणं हा प्रश्नच नाही. पण २४ मेगापिक्सेल आणि सुरुवातच आयएसओ २५० पासून, त्यामुळे लांबच्या पक्ष्यांसाठी मी तो सुचवणार नाही.

आता माझा कौल. हातात कुठल्याच कंपनीची लेन्स नसेल, मुख्यतः पक्षी आणि जंगल असेल, तर झेड ८ आणि १८०-६००. वाचलेले पैसे पुढे ६०० पीएफसाठी बाजूला टाका. घरात आधीच कॅननच्या जुन्या डीएसएलआरच्या चांगल्या ईएफ लेन्स पडून असतील तर ॲडॉप्टर लावून त्या आर ५ मार्क २ वर सुरेख चालतात, मग माउंट बदलण्यात अर्थ नाही. आणि धीवर, पाकोळ्या, वेडे राघू हेच तुमचं वेड असेल, दर शनिवारी पहाटे चारला गाडी काढत असाल, तर सोनीचा एक सेकंदाचा रॉ प्री-कॅप्चर तुमच्या कामाचा आहे.

घेण्याआधी दोन दिवस भाड्यानं आणा आणि वाघाकडे नेऊ नका. जवळच्या तळ्यावर जा, तारेवर बसलेल्या खंड्यावर फोकस लावा, आणि तो उडेपर्यंत बटण अर्धं दाबून हात किती वेळ टिकतो ते बघा. माझा चार मिनिटं टिकला. तो पाचव्या मिनिटाला उडाला.