इंजिन माउंट आणि रबर संच: एका हंगामाच्या वापरानंतर

मी बांधलेल्या विमानाचं काउलिंग (इंजिनावरचं आवरण) उतरवलं तर पुढच्या कडेला खालच्या बाजूने फायबरग्लास खरवडलेलं. स्पिनरची (प्रोपेलरच्या मध्यावरच्या टोपीची) मागची थाळी तिथे घासत होती. वरची फट उघडी, खालची जवळपास मिटलेली. बांधताना चहूकडे सारखी फट ठेवली होती, म्हणजे इंजिनाने नाक खाली टाकलंय.

चार सिलिंडरचं लायकमिंग, तयार वेल्ड केलेलं डायनाफोकल माउंट (इंजिन विमानाला धरणारा सांगाडा; इंजिन आणि तो यांच्यामध्ये कंपनं शोषणारी रबरं), उजवीकडे 2 अंश कललेलं. पहिले काही महिने मी या माउंटवर बेहद्द खूश होतो. हा प्रोपेलर कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे चढताना नाक डावीकडे ओढतं. ती ओढ या कलाने बरीच खाल्ली, रडर (शेपटीचं उभं सुकाणू) दाबणाऱ्या पायावर भार कमी आला. क्रूझमध्ये (सपाट, स्थिर उड्डाणात) थोडा डावा पाय लागतो, पण रडरवर त्याला किंचित वळवून ठेवणारी छोटी ट्रिम पट्टी लावल्यावर तेही मिटलं.

घासल्याचं दिसल्यावर मात्र संशय थेट वेल्डिंगवर गेला, म्हणून मोजलं. प्रोपेलर हलका फिरावा म्हणून वरचे स्पार्क प्लग काढले, पात्याचं टोक आडवं डावीकडे आणलं आणि शेपटीच्या मधल्या खांबापर्यंत फीत ताणली. मग तेच पातं उजवीकडे आणून पुन्हा मोजलं. पातं एकच ठेवायचं, नाहीतर दोन पात्यांतला फरकही मापात शिरतो. 1.8 मीटर व्यासाला 2 अंशांचा कल असेल तर उजवं माप सुमारे 63 मिमीने कमी यायला हवं. माझं तेवढंच आलं. माउंट निर्दोष आहे! मग लाँजेरॉनवर (विमानाच्या धडाच्या लांब तुळईवर) शून्य करून डिजिटल लेव्हल फ्लँजवर (प्रोपेलर बसतो त्या चकतीवर) धरली: अर्ध्या अंशाहून जास्त खाली. बसलीत, म्हणजे दबून चपटी झालीत, ती रबरं.

उडण्याच्या दृष्टीने अर्धा अंश फार नाही. पॉवर वाढवली की नाक किंचित खाली दबतं, ते ट्रिममध्ये निभतं. पण काउलिंग घासणं मला सहन होत नाही. ती कड मी स्वतः हाताने घासून, रंगवून बसवली आहे.

विक्रेत्याचं उत्तर: ‘रबर बसतंच, नवा संच घ्या.’ बसतं हे ठाऊक आहे तर सोबतच्या कागदावर ‘स्पिनर सुरुवातीला थोडा वर ठेवा’ एवढी ओळ का नाही? त्यात वरची आणि खालची रबरं वेगळ्या कडकपणाची, तरी सगळी एकाच पिशवीत, खूण नसलेली.

नवा संच घेणार नाही. रबरांना तडे नाहीत, तेलाने फुगलेली नाहीत. खालच्या दोन बोल्टांवर रबर आणि इंजिनाचा कान (ज्यातून बोल्ट जातो तो भाग) यांच्यामध्ये 1.6 मिमीचे रुंद वॉशर घातले. वरच्या-खालच्या बोल्टांत 250 मिमी अंतर धरलं तर एवढ्याने 0.37 अंश मिळतात, आणि पाऊण मीटर पुढे असलेला स्पिनर जवळपास 5 मिमी उचलला जातो. बोल्टची लांबी पुन्हा तपासा, नटाबाहेर आटे दिसलेच पाहिजेत. एक्झॉस्ट आणि काउलिंगमधली जागाही बघा, इंजिन हललं की तीही बदलते.

माउंटला पाचपैकी पाच. रबर संचाला दोन, आणि कागदावर ती ओळ छापली तर तीन.