डिस्क रिट्रीवर रिव्ह्यू: घेतला तळ्यासाठी, कामाला येतोय झुडपात

डिस्क गोल्फ म्हणजे चकती (डिस्क) फेकत फेकत कमीत कमी थ्रोमध्ये बास्केटमध्ये टाकायचा खेळ. त्यात भलतीकडे गेलेली डिस्क काढायला टेलिस्कोपिक डिस्क रिट्रीवर असतो, म्हणजे लांब होणारी काठी आणि टोकाला डिस्क अडकवायची कडी, एवढंच प्रकरण. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या काठ्या सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या असतात आणि मला कंपनीवर नाही, या प्रकारच्या वस्तूवर लिहायचंय. खोक्यावर चित्र तळ्याचं, जाहिरात पाण्याची, आणि मीही घेतली ती पाण्यासाठीच. पण वापरायला लागल्यावर लक्षात आलं की पाण्यात लागते त्याच्या कितीतरी जास्त ती कोरड्यात लागते, आणि तिथे ती डिस्कपेक्षा आपला हात वाचवते.

कारण या खेळात फेकताना फारसं काही होत नाही हो. खांदा, कोपर दुखतं ते सोडा. टीवर, म्हणजे पहिला थ्रो करायच्या जागी, आपण मोकळ्या जागेत उभे असतो, फेअरवेचं, म्हणजे मधल्या मोकळ्या पट्ट्याचं, गवत कापलेलं असतं, सगळं समोर दिसत असतं. मग ती १७५ ग्रॅमची चकती झाडाला आपटते आणि जिथे महिनोन्महिने कोणी पाय ठेवला नाही अशा ठिकाणी जाऊन बसते, आणि आपण नजर डिस्कवर ठेवून, खाली न बघता, वाकून, उघडा हात पालापाचोळ्यात घालतो. साप, गांधीलमाश्या, काटे, पॉयझन आयव्ही, सगळ्यांची गाठ पडते ती याच घडीला. त्यात कोर्स बांधतात तेही बहुतेक दुसऱ्या कशाला न चालणाऱ्या जागेत, ओढ्याकाठी, घळीत, जंगलाच्या कडेला. म्हणजे रफ, फेअरवेच्या बाहेरचा भाग, हा नुसता नावाला रफ नसतो.

आता काठीबद्दल. बंद केली की बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात उभी राहते, पूर्ण उघडली की साधारण साडेचार मीटर. टोकाच्या कडीला आतून दाते आहेत, ती डिस्कच्या कडेखाली सरकवायची आणि ओढायची. जमिनीवर हे पटकन जमतं. डिस्क उताणी पडली असेल तर अजूनच सोपं, कडी आतल्या ओठाला धरते. पालथी आणि चिखलात चिकटून बसली असेल तर मात्र आधी ढोसून एक बाजू उचलावी लागते, तेव्हा पूर्ण लांबीवर काठी इतकी लवते की टोक भलतीकडेच जातं, दोन भाग आत घेऊन एक पाऊल पुढे गेलेलं बरं.

सगळ्यात जास्त उपयोग पॉयझन आयव्हीत. उत्तर अमेरिकेतल्या कोर्सवर ही वेल म्हणजे रोजचं गिऱ्हाईक आहे, तीन-तीन पानांचा गुच्छ, मधल्या पानाचा देठ लांब. अंगाला खाज आणि फोड येतात ते तिच्यातल्या उरुशिऑल नावाच्या तेलाने, आणि ते तेल पान, खोड, मूळ सगळ्यात असतं, हिवाळ्यात पानं झडलेल्या सुक्या वेलीतसुद्धा. काठीने डिस्क बाहेर आली म्हणजे सुटलो असं मात्र नाही, कारण तेल आता डिस्कवर आहे आणि कडीवरही आहे. ते वाळून उडून जात नाही, वस्तूवर फार काळ टिकतं. तीच डिस्क आपण हातात घेतो, त्याच हाताने घाम पुसतो, झालं. म्हणून मी काठीबरोबर एक जुना टॉवेल आणि साबणाच्या पाण्याची छोटी बाटली ठेवते, कडी आणि डिस्क दोन्ही तिथेच धुवायची, टॉवेल वेगळ्या पिशवीत. कुत्रं बरोबर असेल तर त्याच्या केसांना लागलेलं तेलही आपल्या हाताला येतं, तिथे काठी काय करणार.

दुसरा नंबर गांधीलमाश्यांचा. झाडावरचं पोळं दिसतं तरी, पण यलोजॅकेट जातीच्या माश्या जमिनीत, उंदराच्या जुन्या बिळात वगैरे घर करतात आणि वरून दिसतं फक्त नाण्याएवढं भोक. उन्हाळा संपताना त्यांची संख्या सगळ्यात जास्त असते, आणि त्या पायाच्या हादऱ्यानेही भडकतात. मधमाशी एकदा चावली की तिची नांगी आपल्या कातडीत राहते, यांचं तसं नसतं, एकच माशी चार वेळा चावू शकते. म्हणून डिस्क जिथे पडली तिथे सरळ चालत न जाता आधी थांबून बघायचं, जमिनीलगत एकाच जागेतून माश्या आत-बाहेर करतायत का. करत असतील तर साडेचार मीटरवरून एकदाच ओढ, येईल तर आली, नाहीतर डिस्क त्यांची. भोकापाशी काठीने खुडबुड करणं म्हणजे स्वतःहून आमंत्रण. आणि माश्या मागे लागल्याच तर सरळ पळायचं, बंद गाडीत किंवा खोलीत शिरायचं, पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात.

बास्केटचंही तेच. एड हेड्रिकने १९७० च्या दशकात साखळ्यांची बास्केट आणली, त्याआधी लोक झाडाला नाहीतर खांबाला डिस्क मारायचे. बास्केट आली, खेळ बदलला, आणि माश्यांनाही आयतं छप्पर मिळालं. वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, नंबरच्या पाटीमागे कागदी पोळी करणाऱ्या माश्या असतात. कमी वर्दळीच्या कोर्सवर पटर (जवळच्या थ्रोची डिस्क) काढायला हात घालायच्या आधी काठीने साखळ्या लांबून एकदा वाजवते मी. बरोबरचे हसतात. हसू देत.

सापांच्या बाबतीत काठी चांगली आहे पण तिचा वापर उलटा करायचा. म्हणजे साप दिसला की काठी आत. कॉपरहेडसारखा विषारी साप पळत नाही, वाळक्या पानात रंग जुळवून गप्प पडून राहतो, आणि रॅटलस्नेक प्रत्येक वेळी खुळखुळा वाजवेलच असं नाही. साप दिसायच्या आधी, पाचोळ्यात हात घालण्याऐवजी लांबून कडी घालायची, एवढ्यासाठीच ती आहे. दिसल्यावर त्याला हलवायला, उचलायला, व्हिडिओसाठी फणकारायला लावायला नाही. काठी लांब आहे म्हणून अंगात वारं शिरतं काहींच्या, आमच्यातच आहे एक.

आणि यात स्कोअरचं नुकसान होत नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पीडीजीए या खेळाच्या संघटनेच्या नियमात त्रासदायक किडे किंवा प्राणी लायवर (पुढचा थ्रो जिथून करायचा ती जागा) किंवा लायच्या मागे असतील तर पेनल्टीशिवाय रिलीफ, म्हणजे जागा बदलायची सूट, मिळतो, बास्केटच्या जवळ न जाता, त्याच रेषेत मागे, जिथे त्रास टळेल त्या सगळ्यात जवळच्या जागी. झाडांचा उल्लेख त्या यादीत नाही, म्हणजे पॉयझन आयव्हीत उभं राहायचं नसेल तर स्पर्धेच्या डायरेक्टरने वेगळं सांगितलेलं नसल्यास एका थ्रोची पेनल्टी घेऊन बाहेर या. मला हे पटत नाही, पण नियम तो नियम. डिस्क शोधायला तीन मिनिटं असतात, त्यानंतर ती हरवलेली धरतात, आणि त्या तीन मिनिटांच्या घाईतच माणूस नको तिथे हात घालतो. झाडावर अडकली तर तिच्या बरोबर खाली जमिनीवर लाय, आणि दोन मीटरच्या वरची पेनल्टी फक्त आधी जाहीर केली असेल तरच. म्हणजे झाडावर चढायची काहीच गरज नाही, डिस्क नंतर काढता येते. काठीने काढताना मान वर करून थेट खाली उभं राहू नका, डिस्क कडेवर खाली येते आणि तिच्याबरोबर वाळकी फांदीही येऊ शकते. आणि वरून विजेच्या तारा जात असतील तर काठी उघडायचीच नाही, अॅल्युमिनियम आहे ते, कार्बन फायबरवालीलाही हेच लागू.

आता पाणी, ज्याच्यासाठी ही विकतात. बहुतेक डिस्क बुडतात, तरंगणाऱ्या थोड्या असतात. काठावरून चार मीटरच्या आत आणि पाणी स्वच्छ असेल तर काठी झकास काम करते, पोलराइज्ड चष्मा असला तर तळ दिसतो. पण पहिला प्रयत्न तोच खरा. कडी तळाला लागली की गाळ उठतो आणि मग सगळं चहासारखं, तेव्हा ढवळत बसण्यापेक्षा पाच-दहा मिनिटं बाजूला उभं राहायचं, गाळ बसला की परत. डिस्क पाण्यात शिरली ती जागा समोरच्या झाडाची किंवा दगडाची खूण धरून लक्षात ठेवा, पाण्याकडे बघून अंतराचा अंदाज हमखास चुकतो. पाण्यात उतरणाऱ्यांना माझा सक्त विरोध आहे, तळाशी फुटक्या बाटल्या आणि मासेमारीचे गळ असतात, माझ्या कडीला डिस्कपेक्षा गळाचा दोराच जास्त वेळा लागलाय.

आणि फ्लोरिडासारख्या ठिकाणी तर विषयच वेगळा. २०२२ च्या मे महिन्यात लार्गो इथल्या जॉन एस. टेलर पार्कच्या तळ्यात डिस्क शोधायला उतरलेला माणूस अॅलिगेटरच्या (मगरीसारखा प्राणी) हल्ल्यात गेला. तळ्याला लागूनच डिस्क गोल्फचा कोर्स आहे आणि पोहायला बंदीच्या पाट्या होत्या. हे वाचून काही जण म्हणतात की म्हणूनच काठी घ्या. नाही, तिथे काठीही नको. काठीने काढायचं तर काठावर वाकून उभं राहावं लागतं, तेही पाणी ढवळत, आणि अॅलिगेटर काठाजवळच दबा धरून असतो. संध्याकाळ ते पहाट तर अजिबात नको. खोक्यावर याबद्दल एक ओळ नाही हे मला खटकलं.

ज्याला काठी काहीच करत नाही ते म्हणजे गोचीड. गोचीड झाडावरून पडत नाही, उडीही मारत नाही, गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते आणि आपण घासून गेलो की चढते. उलट काठी आहे म्हणून आपण रफमध्ये बिनधास्त शिरतो, आणि ती स्वतःही गवतातून ओढून आणून आपण मांडीवर ठेवतो! लाइम रोग पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, दिसतच नाही. त्यासाठी कपड्यांवर, बुटांवर ०.५ टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक, कातडीवर नाही, आणि घरात मांजर असेल तर कपडे पूर्ण वाळेपर्यंत तिच्यापासून लांब, मांजरांना ते विषारी आहे. अंगाला पिकारिडिन हे कीडरोधक बरं, कारण डीट हे दुसरं कीडरोधक काही प्लॅस्टिक खराब करतं आणि आपला सगळा संसारच प्लॅस्टिकचा. घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली बघायचं, सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल काडेपेटी वगैरे प्रयोग नकोत.

हंस-बदकांबद्दल थोडक्यात. वसंतात कॅनडा गूज अंड्यांवर असते तेव्हा मान लांब करून फुत्कारत येते, काठी उगारायचा मोह होतो, उगारू नका, अमेरिकेत या पक्ष्यांना १९१८ च्या कायद्याचं संरक्षण आहे आणि तसंही तिचं घर आहे ते. तिच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे या. फिनलंड-नॉर्वेकडे पिल्लू असलेली मूस (मोठं हरीण) दिसली तर तो होल (कोर्सचा तो टप्पा) सोडून द्यायचा, एवढंच. आणि गडगडाट ऐकू आला की काठी, बास्केट, एकटं झाड सगळं सोडून इमारतीत किंवा गाडीत, शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं तिथेच.

तक्रारी आहेत. मधला सांधा पिळून आवळायचा असतो, त्यात वाळू गेली की घसरतो, नेमकी डिस्क अर्ध्यात आली असताना काठी आत जाते आणि डिस्क परत पाण्यात. वापरल्यावर सगळे भाग उघडून पुसले, वाळवले तर हा त्रास बराच कमी होतो, पण असं काही कागदावर लिहिलेलं नव्हतं. कडीचा स्क्रू सैल होतो, पाण्यात पडला तर कडी गेली आणि सुटी कडी सगळीकडे मिळत नाही. मुठीवरचा फोम ओला झाला की सुटतो. अजून एक, काठी काळी आहे, गवतात ठेवली की तीच शोधावी लागते, मी टोकाला गुलाबी टेप गुंडाळलाय. डिस्कही गुलाबीच घ्या शक्यतो, लाल-केशरी पानगळीत गायब होतात आणि जितका वेळ शोधाल तितका वेळ झुडपात.

दोरी आणि वजनदार आकडावालाही प्रकार मिळतो, तो खिशात मावतो आणि पाण्यात काठीपेक्षा लांब जातो, तुमच्या कोर्सवर नुसती तळीच असतील तर तो घ्या. झुडपात मात्र त्याची दोरी पहिल्याच फांदीला अडकते. जंगलातला कोर्स असेल तर काठीच, आणि छोटी, तीन मीटरवाली घेतलीत तरी चालेल, ती लवत कमी आणि सांधेही कमी. पाचपैकी चार स्टार. एक त्या मधल्या सांध्याचा कापला.