रोपांची वाढ मोजायला कॅमेरा घेताय? कोणता घ्यावा

रोपवाटिकेत वाढ मोजायची रूढ पद्धत म्हणजे ट्रेमधली काही रोपं उपटून उंची, खोडाची जाडी आणि सुकं वजन घेणं. आकडा खात्रीचा मिळतो, पण तेच रोप उद्या पुन्हा मोजता येत नाही. फोटोतून मोजण्याचा खरा फायदा इथे आहे.

टोमॅटो-मिरचीच्या ९८ कप्प्यांच्या ट्रेसाठी माझा कौल साध्या रंगीत कॅमेऱ्याला. स्टँडवर नीट बसवलेला मोबाइलही चालतो. तपकिरी कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) हिरवं पान सहज वेगळं काढता येतं, आणि इमेजजे किंवा प्लांटसीव्ही यांसारखी मोफत सॉफ्टवेअरं पानांचं क्षेत्रफळ मोजून देतात. रिकामे कप्पेही लगेच कळतात. मात्र मोजमापाची पट्टी ट्रेच्या काठावर ठेवू नका, पानांच्या उंचीला धरा. कॅमेरा १०० सेंटीमीटरवर असेल आणि पानं १० सेंटीमीटर वर आली, तर काठावरच्या पट्टीने क्षेत्रफळ सुमारे २३ टक्के जास्त भरतं. हिरव्या शेडनेटखाली रंगही फसवतो, म्हणून चौकटीत पांढरं कार्ड हवंच. फोटो रोज ठरलेल्या वेळी, पाणी देण्याआधी काढा. पानांवरचे थेंब चमकतात आणि मोजणी बिघडते.

साध्या कॅमेऱ्याची मर्यादा पानं एकमेकांवर चढली की जाणवते. ट्रे भरला की वाढ थांबल्यासारखी दिसते. त्याहून वाईट म्हणजे सावलीत लांबलेलं नाजूक रोप वरून काटक रोपाइतकंच छान दिसतं. ग्राहकाला रोप देणाऱ्याला हे परवडणारं नाही. यावर स्वस्त उपाय म्हणजे ट्रेच्या बाजूने, मागे काळा कागद लावून आणखी एक फोटो.

अंतर मोजणारा त्रिमिती कॅमेरा रोपाची उंची थेट देतो. रोज शेकडो ट्रे तपासायचे असतील तर त्याचा विचार जरूर करा. पण बारीक खोड आणि पानांच्या कडा त्याला नीट पकडता येत नाहीत, आणि अवरक्त किरणांवर चालणारी काही मॉडेलं भर उन्हात अडखळतात. खोडाच्या जाडीसाठी व्हर्नियर कॅलिपरला (जाडी मोजायच्या सरकत्या पट्टीला) पर्याय नाही.

बहुवर्णी (मल्टिस्पेक्ट्रल) कॅमेरा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही वेगळा टिपणारा, रोपवाटिकेसाठी मी सुचवणार नाही. अवरक्त आणि लाल प्रकाशातून काढलेला एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक) इथे बहुतेक वेळा पान आणि कोकोपीट वेगळं करतो, आणि ते काम रंगीत फोटोतही होतं. शिवाय प्रकाश बदलला की प्रमाणित पांढऱ्या फलकावर पुन्हा जुळवणी करावी लागते. पाण्याचा किंवा नत्राचा ताण यावर प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र तो जरूर घ्यावा.