समुद्री मासे म्हणून १,७०,७०० ची टोपी : पार्लर-स्पावाल्यांनो, वाचा

पार्लर, स्पा, दाताचा दवाखाना, काहीही चालवत असाल आणि कुणी "मॅडम, वेटिंगमध्ये मरीन टँक लावूया" म्हणत दारात आला, तर आधी हे वाचा.

माझ्या पार्लरमध्ये मी अशी टाकी लावून घेतली, तिचे आकडे जसेच्या तसे देते. टाकी, स्टँड आणि लाइट ९२,०००. "समुद्री" मासे १४, प्रत्येकी २,८०० प्रमाणे ३९,२००. मीठ, वाळू, दगड २१,५००. वर्षाची देखभाल, तीही आगाऊ, १८,०००. एकूण १,७०,७०० रुपये. त्यातले ६०,००० गूगल पेनं गेले, बाकी १,१०,७०० रोख. रोख का दिले म्हणून मला शहाणपण शिकवू नका. "बिल केलं की जीएसटी वाढतो बघा" हे कोल्हापुरात फरशीवाल्यापासून फर्निचरवाल्यापर्यंत सगळे म्हणतात आणि आपण सगळेच मान डोलावतो.

माणूस बोलायला गोड. पहिल्या भेटीतच वैनी-वैनी सुरू. मोबाइलवर त्यानं मला इंग्लंडमधलं संशोधन दाखवलं, प्लायमाउथच्या मत्स्यालयातलं, २०१५ चं : मासे बघत बसलेल्या लोकांचे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उतरतो, टाकीत मासे जास्त असतील तर माणूस जास्त वेळ रमतो. हे संशोधन खरं आहे, मी नंतर शोधून वाचलं. त्याच्या बोलण्यातलं निम्मं असं खरंच निघत गेलं, मग संशय यायचा कुठून?

टाकी भरली त्या दिवसाचं मात्र आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. पाणी बाथरूमच्या नळाला पाइप लावून सोडलं. समुद्राचं पाणी करायचं म्हणून त्यानं एका बिननावाच्या पिशवीतलं मीठ ओतलं. पिशवी दोन किलोचीही नसेल. आमच्या पार्लरमध्ये झाडलोट करणाऱ्या मावशी शेजारीच फरशी पुसत होत्या. त्यांनी टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "वैनी, ह्येला खारं कोण म्हणंल? आमटीत ह्येच्यापेक्षा जास्त मीठ असतंय." तो हसला. म्हणाला, "मावशी, हे मरीन सॉल्ट हाय, ह्याची चव लागत न्हाई." आणि मी काय केलं? गिऱ्हाइकासमोर मध्ये बोलता म्हणून मावशींनाच गप्प केलं.

मावशींचं बोट बरोबर होतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे बारा घनफूट, म्हणजे काठोकाठ ३४० लिटर. तिला जवळजवळ १२ किलो मीठ लागेल. शिवाय कोटेशनवर त्यानं "६०० लिटर" लिहिलं होतं. टेप लावून स्वतः मोजा, मग पैसे बोला. खारेपणा मोजायला हायड्रोमीटर नावाची साधी काचेची नळी असते. ती ज्याच्या पिशवीत नाही त्याला समुद्री टाकीचं काम देऊ नका.

आता मजा ऐका. ते मासे समुद्रातले नव्हतेच. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, फोटोतल्यासारखे चमकणारे, पण आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे, गोड्या पाण्यातले सिक्लिड. प्राणिशास्त्र शिकणारी एक मुलगी थ्रेडिंगला आली होती, तिनं खुर्चीवरूनच ओळखले. आणि स्वभाव? एकमेकांच्या शेपट्या कुरतडायच्या, वाळू उकरून ढीग करायचे, कमजोर दिसला त्याला कोपऱ्यात दाबून मारायचं. शांत वाटावं म्हणून लावलेल्या टाकीसमोर पाय पाण्यात सोडून बसलेली बाई मला म्हणते, "अगं, त्या पिवळ्याला सोडव की कुणीतरी!" रक्तदाब कुणाचा उतरणार यात?

त्यातले सहा मासे पहिल्या पंधरवड्यातच पोटं वर करून तरंगले. नव्या टाकीत माशांच्या घाणीतून अमोनिया साठतो, तो पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, हे त्या मुलीनं सांगितलं. यानं चौदाच्या चौदा पहिल्याच दिवशी सोडले होते. फोन केला तर मलाच म्हणतो, "तुमच्या लेमनग्रासच्या वाफेनं मेले." इथेही निम्मं खरं! टाकीचा एअर पंप खोलीतलीच हवा ओढतो. तेलाची वाफ, हेअर स्प्रे, रिमूव्हर सगळं पाण्यात उतरू शकतं. मग आधी सांगायचं ना, की पंप मसाजच्या खोलीबाहेर ठेवा? ९२,००० घेताना तोंड शिवलं होतं का? त्यानंतर फोन बंद. कार्डावर जीएसटी नंबर होता. जीएसटीच्या वेबसाइटवर टाकला तर दुसऱ्याच धंद्याचा निघाला. दोन मिनिटांचं काम, पैसे देण्याआधी करा.

पोलीस ठाण्यात गेले. हवालदार विचारतात, "काही मासे जिवंत हायत न्हवं? मग फसवणूक कुठं झाली?" मागे कुणीतरी, "तळून खावा आता," म्हणालं आणि सगळं ठाणं हसलं. मी उभीच. साहेबांनी "दिवाणी बाब आहे" म्हणून कागद परत सरकवला. गोड्या पाण्यातला मासा समुद्री सांगून विकणं ही फसवणूक नाही तर काय? पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, तेही मीच सांगायचं का त्यांना? रोखीची पावती आणा म्हणाले. पावती असती तर तुमच्या बाकावर कशाला बसले असते? तिथून दुसऱ्या कचेरीत गेले. तिथल्या टेबलावर नवाच शोध : "मॅडम, तुम्ही व्यावसायिक, तुम्ही ग्राहक नाही." जेवणाची सुट्टी, सही करणारे रजेवर, उद्या या. फसवणारा एकदाच लुटतो, हे लोक रोज हेलपाटे घालायला लावतात आणि वर आपल्याकडेच चोरासारखं बघतात.

शेवटी ओळखीच्या वकील ताईंनी सांगितलं ते लिहून ठेवा : २०१९ च्या ग्राहक कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्यालाही ग्राहक धरलंय. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला ग्राहक आयोगात तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षं. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पोलिसांना अर्ज दिलात तर पोच घेतल्याशिवाय उठू नका. गूगल पेचा व्यवहार क्रमांक, कोटेशन, व्हॉट्सअॅपची बोलणी, मेलेल्या माशांचे फोटो, सगळं जपा. देखभालीचे पैसे आगाऊ कुणालाही देऊ नका, महिन्याचे महिन्याला द्या.

तो आता सांगली, इचलकरंजीकडे दवाखान्यांत फिरतोय असं ऐकते. मोबाइलवर तेच प्लायमाउथ, तोंडात तेच वैनी. दारात आला तर हाकलू नका, चहा द्या, बसवून ठेवा आणि राहतो कुठे ते तेवढं काढून घ्या. माझ्या तक्रारीत समोरच्याच्या पत्त्याचा रकाना अजून कोराच आहे.