छोट्या पिस्तुलासाठी कमी धक्क्याचं काडतूस: सरावाला नक्की काय घ्यावं?

"यात जरा हलकी गोळी मिळत नाही का हो?" नवीन लायसन हातात आलेला माणूस नेमबाजीच्या रेंजवर पहिलं मॅगझिन रिकामं करतो आणि हमखास हेच विचारतो. पिस्तूल छोटं असतं, बहुतेक वेळा बत्तीस बोअरचं. घेताना वाटलेलं असतं की लहान आहे म्हणजे सोपं असेल. प्रत्यक्षात मनगटाला चांगलाच झटका बसतो आणि कागदावर गोळ्या डावीकडे खाली विखुरतात.

थोडक्यात सांगायचं तर बत्तीसच्या पिस्तुलात सौम्य काडतुसाचे पर्याय फार थोडे आहेत, आणि ते शोधत फिरण्यात अर्थही नाही. सौम्यपणा हवा असेल तर सरावाचं हत्यार बदलावं लागतं. हे का, ते नीट समजून घेतलं की पुढचा निर्णय सोपा होतो.

धक्का दोन गोष्टींवर ठरतो: गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, आणि पिस्तुलाचं स्वतःचं वजन. बत्तीसच्या पिस्तुलाचं काडतूस म्हणजे बत्तीस एसीपी. त्याची नेहमीची गोळी ७१ ग्रेनची, म्हणजे ४.६ ग्रॅमची. वेग सेकंदाला २७५ मीटरच्या आसपास. दारूच्या वायूचा हिशेब बाजूला ठेवला तरी ७०० ग्रॅमचं पिस्तूल या गोळीमुळे सेकंदाला साधारण १.८ मीटर वेगाने मागे येतं. आता पॉइंट टू टू (.२२ बोअर) घ्या. ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी, वेग ३२० च्या घरात, आणि पिस्तूल खेळाचं, सव्वा किलोच्या आतबाहेरचं. ते सेकंदाला पाऊण मीटरसुद्धा मागे येत नाही. हाताला जाणवणारी ऊर्जा काढली तर बत्तीसची चौपट भरते.

बत्तीसच्या लहान पिस्तुलांमध्ये आणखी एक अडचण असते. आपल्याकडची अशी बहुतेक पिस्तुलं साध्या ब्लोबॅकवर चालतात. इशापूरच्या कारखान्याचं अशनी पिस्तूलही त्यातलंच. यात नळी आणि स्लाइड (झाडल्यावर मागेपुढे सरकणारा वरचा भाग) एकमेकांत अडकत नाहीत. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच काडतूस धरून ठेवलेलं असतं. म्हणून स्प्रिंग कडक, आणि झटकाही टोकदार. अशा पिस्तुलात खरोखरच कमी ताकदीचं काडतूस घातलं तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही, रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता मध्येच उभी अडकते आणि सराव थांबतो. सौम्यपणाला खालून एक मर्यादा आहे ती ही. पॉइंट टू टूमध्येही तेच आहे. सीसीआय कंपनीचं क्वाएट हे काडतूस सेकंदाला जेमतेम २१५ मीटर वेगाचं आहे. आवाज अगदी कमी, धक्का जवळजवळ नाहीच, पण बऱ्याच सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांची स्लाइड त्याने फिरत नाही.

घरी दारू कमी भरून काडतूस बनवण्याचा विचार काही जणांच्या डोक्यात येतो. तो तिथेच सोडा. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा आहे. शिवाय कमी भरलेल्या काडतुसातली गोळी नळीतच अडकली आणि मागून दुसरी झाडली, तर पिस्तूल फुटतं. हात तुमचाच असतो.

रिव्हॉल्व्हरवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. कानपूरच्या बत्तीस रिव्हॉल्व्हरमध्ये बत्तीस एस अँड डब्ल्यू लाँग हे काडतूस लागतं. शिशाची ९८ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास. रिव्हॉल्व्हरला स्लाइड नसते, त्यामुळे सौम्य काडतूसही बिनतक्रार चालतं. या काडतुसात सपाट तोंडाची वॅडकटर गोळी मिळते. लापुआ आणि फिओक्की या कंपन्या ती बनवतात, आणि स्पर्धांमधल्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारात जगभरचे नेमबाज तीच वापरतात. कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं, गुण मोजताना वाद होत नाही. साध्या परवानाधारकाच्या हाती मात्र सहसा गोल तोंडाचं देशी काडतूसच येतं. तेही काही वाईट नाही. फक्त रिव्हॉल्व्हरचं वजन बघा. २०१४ साली आलेलं निर्भीक फक्त ५०० ग्रॅमचं आहे. पर्समध्ये मावावं म्हणून हलकं केलं, आणि त्याच काडतुसाला ते ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा स्पष्टपणे जास्त उसळतं. जवळ बाळगायला हलकं चांगलं, सरावाला जड चांगलं.

इथे एक सावधगिरी. पिस्तुलाचं आणि रिव्हॉल्व्हरचं काडतूस ही दोन वेगळी काडतुसं आहेत. दुकानात नुसतं "बत्तीस द्या" म्हणू नका. पुंगळीच्या बुडावरचा शिक्का आणि नळीवरचा शिक्का दोन्ही बघून घ्या.

काही घरांत आजोबांच्या वेळचं पंचवीस बोअरचं, तळहातात मावणारं पिस्तूल परवान्यावर असतं. पंचवीस म्हणजे सगळ्यात दुबळं, मग धक्काही कमी, असं वाटतं. काडतूस दुबळं आहे हे खरं, पण तीनशे ग्रॅमच्या पिस्तुलात तेही सेकंदाला अडीच मीटरच्या जवळपास मागे येतं. दस्त्यावर दोनच बोटं मावतात, आणि काडतुसं शोधूनही मिळणं मुश्कील. सरावासाठी ते बाद.

आता पॉइंट टू टू. हा माझा आवडता पर्याय आहे आणि ते लपवायचं कारण नाही. हे पोरांचं काडतूस आहे, असा एक समज आपल्याकडे अजून आहे. आपल्या राही सरनोबतने २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, ते २५ मीटर पिस्तूल प्रकारात, म्हणजे याच काडतुसावर. खोका ५० चा असतो. घेताना "स्टँडर्ड" वेगाचं घ्या, "हाय व्हेलॉसिटी" नको. स्टँडर्ड काडतूस आवाजाच्या वेगाच्या आत राहतं, धक्का कमी, आणि २५ मीटरवर गटही (कागदावरच्या भोकांचा पुंजका) घट्ट पडतो. एसके पिस्टल मॅच, सीसीआय स्टँडर्ड, एलीची पिस्तुलासाठीची काडतुसं ही नावं रेंजवर ऐकू येतील. कोणतं चांगलं, हे तुमच्या पिस्तुलाला विचारावं लागतं. दोन-तीन प्रकारचे खोके घ्या, टेबलावर हात टेकवून प्रत्येकाचे दहा-दहा राउंड वेगळ्या कागदावर झाडा. सगळ्यात छोटा गट आणि एकही अडकणूक नाही, ते काडतूस तुमचं. महाग असेलच असं नाही.

अडचण परवान्याची आहे. बत्तीसच्या लायसनवर पॉइंट टू टू काडतूस मिळत नाही. त्यासाठी वेगळं हत्यार परवान्यावर लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात. दुसरा मार्ग क्लबच्या हत्यारावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करण्याचा. कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर किंवा दुसरीकडे कुठेही जाण्याआधी तिथे कोणत्या कॅलिबरला परवानगी आहे आणि क्लबचं पिस्तूल मिळतं का, हे आधी विचारून घ्या. आणि मळ्यात, उसाच्या बांधावर "जरा नेम बघतो" हा प्रकार कृपा करून नको. परवाना हत्यार बाळगण्याचा असतो, कुठेही झाडण्याचा नसतो.

राहिलं एअर पिस्तूल. ४.५ मिलिमीटरची पेलेट, म्हणजे छर्रा, अर्ध्या ग्रॅमची, वेग सेकंदाला दीडशे मीटर. धक्का नाही म्हटलं तरी चालेल. पेलेटचा डबा साधारण ५०० चा येतो आणि एका पेलेटचा खर्च काडतुसाच्या तुलनेत किरकोळ. मर्यादेतल्या ताकदीच्या .१७७ एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, दुकानात ओळखपत्र द्यावं लागतं. दहा मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटरचं असतं, त्यामुळे ट्रिगरवरची चूक लपत नाही. पेलेट नळीतून बाहेर पडायला वेळ जास्त घेते, म्हणून गोळी सुटल्यावरही हात स्थिर ठेवायची सवय लागते. ही सवय पुढे बत्तीसवर थेट कामी येते.

आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. बत्तीस महिना-दोन महिने कपाटाबाहेर, सराव बंद. एअर पिस्तूल घरी असेल तर हाताची सवय मोडत नाही.

पण एअर पिस्तूल एक गोष्ट शिकवू शकत नाही, ती म्हणजे धक्क्याची भीती घालवणं. ती ओळखायची कशी? सोबत्याला सांगा, मॅगझिनमध्ये माझ्या नकळत एक डमी राउंड, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस, घाल. तो आला की नुसता "टक" आवाज होतो. त्या क्षणी फ्रंट साइटकडे, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेकडे, बघा. ती जागेवर राहिली तर ठीक. खाली डुबली, तर तुम्ही धक्का यायच्या आधीच हाताने त्याला दाबताय. डावीकडे खाली पडणाऱ्या गोळ्या बहुतेक उजव्या हाताच्या नेमबाजांच्या बाबतीत यातूनच येतात. काडतूस बदलून हे जात नाही. यातली अर्धी भीती आवाजाची असते, हेही लक्षात घ्या. छोट्या नळीचं पिस्तूल जास्त मोठ्याने वाजतं. कानात बोळे आणि वरून इअरमफ असं दोन्ही लावून बघा. तेच बत्तीस एकदम सौम्य वाटायला लागतं, आणि हा उपाय सगळ्यात स्वस्त आहे.

म्हणून ज्याच्याकडे फक्त बत्तीसचं पिस्तूल आहे, त्याला मी सांगेन की पहिला पैसा एअर पिस्तुलात घाला, रोज घरी भिंतीसमोर पक्का पेलेट ट्रॅप (छर्रे अडवणारी पेटी) ठेवून थोडा थोडा सराव करा. मग जमेल तसं क्लबच्या पॉइंट टू टूवर जा. बत्तीसची काडतुसं रेंजवर थोडीच झाडा, एका वेळी पाच-पाच, मध्ये एखादी डमी घालून. हात थकला की थांबा. ज्याला स्पर्धा खेळायच्या आहेत, त्याने बत्तीसचा नाद सोडून सरळ दहा मीटरपासून सुरुवात करावी. आणि ज्याचा परवाना अजून यायचा आहे, त्याने पिस्तूल ठरवताना दुकानात हातात घेऊन करंगळी दस्त्यावर पूर्ण बसते का ते बघावं, आणि दोन पिस्तुलांत अडलं तर जड असेल ते घ्यावं.

बत्तीसची काडतुसं आणलीत की आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट, हत्यारापासून वेगळी आणि कुलपात ठेवा. चामड्याच्या पट्ट्यात वर्षभर खोचून ठेवलेल्या पुंगळ्यांवर हिरवट थर चढतो. तसं काडतूस सरावालाही घेऊ नका. आणि रेंजवरून आल्यावर चहाचा कप उचलण्याआधी हात साबणाने धुवा. शिसं बोटांवरून पोटात जातं.