स्लाइड की फ्लिप चार्ट? पंचवीस-तीस जणांपुढे बोलायचं असेल तर

स्लाइडवर मजकूर कमी ठेवा, अक्षर मोठं घ्या, रंगांचा मारा करू नका, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. स्लाइड मुळात हव्यात का? प्रशिक्षणवर्ग, आढावा बैठका, नव्या माणसांना कामाची पद्धत समजावणं, या सगळ्यासाठी मी बरीच वर्षं स्लाइडच वापरल्या. मग हळूहळू फ्लिप चार्टकडे, म्हणजे स्टँडवर लावलेल्या मोठ्या कागदांच्या गठ्ठ्याकडे वळलो. आजही दोन्ही वापरतो, आणि दोन्हींची बाजू जमेल तितकी नीट मांडायचा प्रयत्न करतो.

काही ठिकाणी स्लाइडला पर्यायच नाही. झिजलेल्या दातेचक्राचा फोटो मार्करने काढून दाखवता येत नाही. नकाशा, क्ष-किरण चित्र, शंभर बिंदूंचा आलेख, यांनाही पडदाच हवा. सभागृहात दोनशे माणसं असतील तर फ्लिप चार्टचा विचारही करू नये. श्रोते दूर आपापल्या घरी बसून बैठकीला जोडलेले असतील, तरी तेच. शिवाय नव्याने बोलायला लागलेल्या माणसाला स्लाइडचा आधार वाटतो. पुढचा मुद्दा कोणता हे आठवावं लागत नाही. हा आधार मी कमी लेखणार नाही. त्याच्या जोरावर कितीतरी जण पहिल्यांदा उभे राहून बोलू शकले आहेत.

अडचण सुरू होते ती आधारासाठी लिहिलेली वाक्यं श्रोत्यांनाही दिसतात तिथे. माणूस वाचनात आपल्या बोलण्यापेक्षा वेगवान असतो. तुम्ही पहिल्या ओळीवर असता, तेव्हा समोरचे शेवटच्या ओळीवर पोचलेले असतात आणि मधलं तुमचं बोलणं त्यांच्या कानांवरून जातं. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने चित्र आणि शब्द यांतून माणूस कसा शिकतो यावर खूप काम केलं आहे. त्यातला एक निष्कर्ष इथे थेट लागू पडतो: चित्र दाखवून तोंडी समजावलं तर नीट कळतं, पण तेच बोलणं शब्दशः पडद्यावरही लिहिलं तर समज वाढायच्या ऐवजी सहसा घटते. यावर उपाय आहे. पडद्यावर फक्त चित्र ठेवा आणि वाक्यं स्वतःच्या टिपणात ठेवा. प्रेझेंटर व्ह्यू, म्हणजे टिपण फक्त बोलणाऱ्याच्याच संगणकावर दाखवणारी सोय, त्यासाठीच असतो. म्हणजे एवढ्या कारणाने स्लाइड सोडायची गरज नाही, आणि मीही त्यासाठी सोडली नाही.

माझा निर्णय झाला तो वेगळ्याच त्रासाने. “जरा मागची स्लाइड दाखवता का?”

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक चांगल्या चर्चेत येतो, आणि येतो तो लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाकडूनच. तुम्ही आता खर्चाचा तक्ता दाखवत असता आणि त्याला मघाच्या वेळापत्रकाशी तो ताडून पाहायचा असतो. मग तुम्ही मागे जाऊ लागता. एक स्लाइड, दोन, पाच, मध्येच अ‍ॅनिमेशन उलटं चालतं, सगळी खोली झरझर बदलणारी चित्रं बघत बसते. हवी ती स्लाइड सापडते, तोवर आताचा तक्ता गेलेला असतो. विचारणाऱ्याला दोन्ही एकत्र पाहायचे होते. त्याला कधी हे मिळतं, कधी ते. दोनदा इकडून तिकडे झालं की तो भिडस्तपणे “ठीक आहे, असू द्या” म्हणतो आणि त्याचा प्रश्न तिथेच संपतो. मला याचं फार वाईट वाटतं. ज्याने मनापासून विचार केला, त्यालाच आपण गप्प केलेलं असतं.

पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं, हे खरं. क्रमांकांची यादी जवळ ठेवली तर शोधाशोध वाचते. पण मूळ अडचण उरतेच. पडदा एका वेळी एकच गोष्ट दाखवतो आणि नवी आली की जुनी पुसतो. दोन स्लाइड एकीत कोंबल्या तर अक्षर बारीक होतं. मुद्द्यांची एकमेकांशी तुलना व्हायची असेल तर ते एकाच वेळी डोळ्यांसमोर असायला हवेत, आणि नेमकं तेच इथे होत नाही.

मुद्दे दिसत असूनही न दिसण्याचं एक दुःखद उदाहरण आहे. जानेवारी २००३ मध्ये नासाच्या कोलंबिया अंतराळयानाच्या उड्डाणात इंधनटाकीवरच्या उष्णतारोधक फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज स्लाइडवर मांडला. एका स्लाइडच्या अगदी तळाशी, मुद्दा, उपमुद्दा, त्याचाही उपमुद्दा अशा उतरंडीत, एक ओळ होती: प्रत्यक्ष तुकड्याचं अंदाजे आकारमान १९२० घन इंच, आणि आधीच्या चाचणीतल्या तुकड्याचं ३ घन इंच. म्हणजे हाताशी असलेली चाचणी जवळपास ६४० पट लहान तुकड्यावरची. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान कोसळलं, सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या या सवयीवर स्पष्ट बोट ठेवलं. अपघाताला कारणं अनेक होती, एका स्लाइडवर सगळं ढकलणं योग्य नाही. तरी मला राहून राहून वाटतं, कोणी एका कागदावर फक्त ३ आणि १९२० हे दोन आकडे वीतभर उंचीचे लिहून भिंतीला लावले असते, तर त्या खोलीतली चर्चा निराळी झाली असती.

फ्लिप चार्टचं मला पटलेलं बळ हेच. भरलेला कागद फाडायचा आणि टेपने भिंतीला लावायचा. तासाभरात भिंतीवर चार-पाच कागद होतात आणि सबंध विषय ओळीने समोर असतो. कोणी मागचं विचारलं तर नुसतं हात करून दाखवायचं. बऱ्याचदा विचारणाराच उठून कागदापाशी जातो, “हे इथलं आणि ते तिथलं जुळत नाही” म्हणतो, आणि खरी चर्चा तिथून सुरू होते. व्हाइटबोर्डवर हाताने लिहिण्याचे बाकी फायदे मिळतात, पण जागा संपली की पुसावं लागतं, म्हणजे पुन्हा स्लाइडचंच दुखणं.

दुसरा फायदा हळूपणाचा. आकृती हाताने काढायला वेळ लागतो आणि तेवढ्याच वेळात ती समोरच्याच्या डोक्यातही तयार होते. आधी एक चौकोन, मग बाण, मग दुसरा चौकोन. तयार आकृती एकदम समोर आली की नजर कुठून सुरू करावी हेच कळत नाही. अ‍ॅनिमेशनने एकेक भाग आणता येतो, पण त्याचा क्रम आदल्या दिवशी ठरलेला असतो. मार्कर हातात असला की समोरच्याच्या कपाळावरची आठी बघून तिथेच थांबता येतं.

तोटेही आहेत. लिहिताना श्रोत्यांकडे पाठ होते आणि आवाज कागदात जातो. म्हणून लिहिताना बोलायचं नाही. लिहावं, वळावं, मग बोलावं. मधल्या शांततेला घाबरू नये, लोक त्या वेळात वाचत असतात. अक्षर वाईट असण्याची भीती अनेकांना असते. माझ्या अनुभवात अक्षर वळणदार नसलं तरी चालतं, ते मोठं आणि सुटं हवं. दोन इंच उंचीचं अक्षर मागच्या रांगेतूनही वाचता येतं. चपट्या टोकाचा जाड मार्कर घ्यावा. मजकूर काळ्या किंवा निळ्या शाईत, लाल फक्त अधोरेखित करायला. लाल-हिरव्याच्या फरकावर तर काहीच अवलंबून ठेवू नये, कारण बऱ्याच पुरुषांना तो फरक नीट दिसत नाही. हे स्लाइडवरच्या आलेखांनाही लागू आहे.

मला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती पेन्सिलीची. आदल्या दिवशी कागदावर फिक्या पेन्सिलीने आकृती आखून ठेवायची, कोपऱ्यात आकडे आणि पुढचा मुद्दा बारीक लिहून ठेवायचा. चार फुटांवरूनही ते कोणाला दिसत नाही. स्लाइडचा जो आधार हवासा वाटतो तो असा कागदावरही मिळतो, तोही श्रोत्यांना न वाचायला लावता. कागदाचा खालचा तिसरा हिस्सा मोकळा सोडावा, कारण मागच्यांना पुढच्यांची डोकी आड येतात. शाई मागच्या पानावर उतरते, म्हणून एकाआड एक पान कोरं ठेवावं.

यंत्रांच्या कुरबुरींबद्दल थोडक्यात. खोलीत दिवे चालू असताना प्रोजेक्टरचा काळा रंग राखाडी दिसतो. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, काळं म्हणजे फक्त प्रकाश नसलेली जागा. त्यामुळे उजेडात गडद पार्श्वभूमीची स्लाइड फिकी पडते. मोठ्या टीव्हीवर लेसरचा ठिपका धड दिसत नाही. दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसेल तर मांडणी विस्कटते, देवनागरीत जोडाक्षरंही तुटतात. पीडीएफ प्रत सोबत ठेवली की हा प्रश्न मिटतो. यातलं काहीच असह्य नाही. कागदाला मात्र यातलं काही लागत नाही, एवढंच.

छापील कागद वाटणं हा तिसरा मार्ग, आणि आकड्यांच्या दाट तक्त्यासाठी तोच उत्तम. ए-फोरच्या एका पानावर जेवढे आकडे वाचनीय राहतात, तेवढे एका स्लाइडवर मावत नाहीत. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं आणि त्याऐवजी सलग गद्यातलं टिपण आणलं. ते बैठकीच्या सुरुवातीला सगळे शांतपणे वाचतात. कागद वाटायचा तर असा, वाचायला वेळ देऊन. बोलण्याच्या मध्येच वाटला तर सगळ्यांच्या माना खाली जातात.

सध्या माझी पद्धत अशी आहे. फोटो आणि मोजके आलेख तेवढे स्लाइडवर, आणि ते दाखवून झाले की कीबोर्डवरची ‘बी’ (B) कळ दाबून पडदा काळा करतो. त्या कळीने नजरा लगेच माणसाकडे वळतात. बाकी सगळं कागदावर, भिंतीवर. तुमचं काम वेगळं असेल, श्रोते जास्त असतील, तर तुम्हाला स्लाइडच बऱ्या वाटतील आणि त्यात गैर काही नाही. पण पंचवीस-तीस माणसं असतील आणि त्यांनी नुसतं ऐकायचं नसून ठरवायचंही असेल, तर मी फ्लिप चार्ट सुचवेन. एकदम सगळं बदलायची धास्ती वाटत असेल तर पुढच्या वेळी स्लाइड नेहमीसारख्याच ठेवा आणि जी आकृती लोक पुन्हा पुन्हा मागे जाऊन बघायला मागतात, तेवढी एक मोठ्या कागदावर काढून पडद्याशेजारी लावून बघा.