घोडबंदर रोडचा रजिस्ट्रेशन एजंट: पैसे वाचवले आणि नीट समजावलंही

फ्लॅटच्या रजिस्ट्रेशनसाठी घोडबंदर रोडला एका एजंटकडे गेले होते, ५ पैकी ५ स्टार देतेय. आधीच्या एजंटने नवऱ्याचं आणि माझं दोघांचं नाव टाकून ड्राफ्ट बनवला होता. ह्या दादांनी पहिलं पान वाचलं, पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाले, ताई, घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, जॉइंट नावावर नाही मिळत. ६० लाखांचा फ्लॅट, म्हणजे सरळ ६० हजार वाचले!! ही सूट एप्रिल २०२१ पासून आहे आणि आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी विचारलं सरकारचं नुकसान नाही का होत, तर चहा मागवून नीट समजावलं. जीएसटी आल्यावर राज्याच्या स्वतःच्या हातात मोठे कर उरले म्हणजे मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलचा व्हॅट, दारूवरची एक्साइज. २०२० च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मुद्रांक शुल्कात सगळ्यांनाच ३ टक्के आणि मग मार्चपर्यंत २ टक्के कपात होती, तेव्हा ह्यांच्याकडे उभं राहायला जागा नव्हती, दर कमी पण दस्त भरपूर, म्हणजे सूट दिली की नुकसानच होतं असं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र वाटतं त्यात पुढच्या वर्षी घर घेणारेही घाईने आधीच आले असणार, सगळी काही नवीन कमाई नाही.

चलन ऑनलाइन भरलं, अंगठा-फोटो वीस मिनिटांत, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश देणारा उतारा) त्याच दिवशी हातात. रजिस्ट्रेशन फी ३० हजारच, त्यावर एक रुपया जास्त मागितला नाही. फक्त शनिवारी जाऊ नका, पार्किंग मिळत नाही.